बाळाचं तोंड आधी कुणाकडं

धाकट्या जावेचं, पूजाचं, काही चांगलं झालं की शुभांगीच्या पोटात दुखायचं आणि त्यावर कुठलंच औषध लागू पडायचं नाही. नाशिकरोडच्या त्या घरात कॉम्प्युटर आधी आला तो खाली शुभांगीकडं. पण वर पूजाकडं आला आणि सासूबाई, सरुबाई, रोज संध्याकाळी जिना चढायला लागल्या. "पूजाचं नेट लय पळतं," म्हणायच्या. शुभांगीला चहा कडू लागायचा.

आता तर अमेरिकेतल्या नणंदेला, रूपालीला, मुलगा झाला होता. रविवारी फोटो येणार होते. नातवाचं तोंड पहिल्यांदा सोन्यानं बघायचं, म्हणून सरुबाईंनी बोटातली अंगठी काढून तयार ठेवली होती. ती अंगठी आपल्याच पडद्याला लागली पाहिजे, असा शुभांगीनं हट्टच धरला.

शनिवारी तिनं कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्याला गाठलं आणि नेट पळवायचा उपाय विचारला.

"वहिनी, सेटिंगमध्ये जाऊन चित्रांपुढची टिक काढा. पानं पटापट उघडतील."

तिनं टिक काढली. आणि खरंच, एरवी मुंगीच्या पावलानं येणारं पान चुटकीसरशी उघडलं. बघतेच आता पूजाबाईंना, ती मनात म्हणाली.

रविवारी सकाळी तिनं हाक मारली, "आई, या लवकर! वर अजून नेट लागलंसुद्धा नसेल." सरुबाई चष्मा पुसून, अंगठी मुठीत धरून खुर्चीत बसल्या. रूपालीचं पान लगेच उघडलं. बाळाचं वजन, जन्मवेळ, सगळं लिहिलेलं होतं आणि खाली नुसती रिकामी चौकट.

"बाळ कुठंय गं?"

टिक काढली म्हणजे चित्रंच बंद केली, हे शुभांगीला आत्ता कळलं.

"नातवाच्या जागी रिकामी चौकट? काय अभद्र दाखवतीस सकाळी सकाळी!"

तेवढ्यात वरून पूजा ओरडली, "आई, कपाळ आलं, कपाळ! या ना!"

दुखरे गुडघे विसरून सरुबाई जिना चढल्यासुद्धा.

शुभांगीनं घाईघाईनं टिक परत टाकली, पान पुन्हा उघडलं. वरचं सगळं खाली ऐकू येत होतं. फोटो वरून खाली इंचाइंचानं उतरत होता. भुवया आल्या. मग बऱ्याच वेळानं डोळे आले. मेलं, पूजाचं नेट तर हिच्याइतकंच रखडत होतं! त्या रखडण्यातच सगळ्यांना मजा येत होती. मग सासूबाईंचा आवाज चढला.

"अगं बया, नाक बघ! आमच्या महेशचंच हाय!"

महेश म्हणजे शुभांगीचा नवरा. त्याचं कौतुक झालं, तेही जावेच्या खोलीत, जावेच्या पडद्यापुढं. शुभांगीला रडूच कोसळलं.

तिच्या पडद्यावर अजून कपाळच येत होतं.