बगळ्यांनी कुणाला घ्यावं

धनंजयचं पत्र नूरुद्दीननी वाचून झालेल्या पुस्तकातून काढलं आणि नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानात सरकवलं. खुणेसाठी वापरायचं असं काही ठरवलं नव्हतं. डोळ्यांसमोर राहिलं तर उत्तर लिहिणं होईल, एवढाच विचार होता. पत्र फेब्रुवारीत आलं होतं, आता जून संपत आला होता, आणि पत्राचं हे चौथं पुस्तक होतं. त्याच्या कडा मऊ पडल्या होत्या. मजकूर त्यांना पाठ होता, तरी सरकवण्याआधी त्यांनी तो पुन्हा वाचला.

"संपदा तिच्याकडे ये म्हणून फार मागे लागली आहे," धनंजयने लिहिलं होतं. "पण ती आणि जावई तुमच्याच शहरातल्या इंटरनॅशनल सिटीतून सकाळी बाहेर पडतात ते रात्रीच परत येतात. मला आता ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या फ्लॅटात मी दिवसभर कुणाचं तोंड बघू? तुझ्याकडे आठ-पंधरा दिवस राहता आलं तर येतो, नाहीतर येत नाही. बगळ्यांची नवी पोरं जुलैत खेळतात, ती शेजारी बसून बघू. फार लिहू नकोस. नुसतं 'ये' लिही."

"त्या पत्राला उत्तर दिलंत का?" स्वयंपाकघरातून मैमुनाबींनी विचारलं. पानांचा आवाज त्यांना तिथपर्यंत कसा ऐकू जाई, कोण जाणे.

"लिहितो."

"चार महिने लिहिताय. एवढ्यात माणूस कुराण उतरवून काढील."

नूरुद्दीननी पुस्तक मिटलं.

बगळे म्हणजे हेरन्स, अमेरिकेतला बास्केटबॉलचा एक व्यावसायिक संघ. त्यांचा आणि या दोघांचा संबंध आखातातल्या खोर फक्कानच्या बंदरातला. नूरुद्दीन तिथे जहाजातून उतरणाऱ्या मालाची मोजणी करीत आणि धनंजय क्रेन चालवी. कामगारांच्या वस्तीमागे फिलिपिनो मेकॅनिकांनी एका मोडक्या कंटेनरला लोखंडी रिंग ठोकली होती. धनंजय सहा फूट उंच, म्हणून त्याला खेळायला ओढून नेलं. नूरुद्दीन बुटके, त्यात चष्मा, म्हणून त्यांना गुण मांडायला बसवलं. पुढे एका जहाजाच्या आचाऱ्याने जुन्या अमेरिकन मासिकांचा गठ्ठा मागे टाकला. त्यात पांढऱ्या बनियनवर बगळा काढलेला एक संघ होता. नूरुद्दीन शब्दकोश मांडीवर घेऊन वाचीत आणि मराठीत सांगत, धनंजय पडल्या पडल्या ऐके. दोघांचंही लहानपण भातखाचरांच्या बांधांवर गेलेलं. दुसरा संघ शोधायची गरजच वाटली नाही.

धनंजय नोकरी सोडून संगमेश्वराकडे आपल्या गावी गेला. नूरुद्दीन निवृत्त झाल्यावर तिकडेच शहरात, अल मनखूलला, मुलाकडे, तहाकडे, राहायला आले. पण एक रिवाज राहिला. दर जूनमध्ये तिकडचे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडून घेतात. त्याच्या आधी दोघांनी एकमेकांना लिहायचं, यंदा बगळ्यांनी कुणाला घ्यावं. मोबाइलवर लिहिणं दोघांनाही जमत नव्हतं आणि फोनवर बोलणं धनंजयला. पत्राला तीन आठवडे लागत. ते हाती पडे तेव्हा निवड कधीच होऊन गेलेली असे, बगळ्यांनी तिसऱ्याच कुणाला घेतलेलं असे आणि मग बगळ्यांचं कसं चुकलं यावर दिवाळीपर्यंत पत्रं चालत. "बगळा निदान एका पायावर उभा राहतो," धनंजयने एकदा लिहिलं होतं, "आपला मॅनेजर एका मतावरही उभा राहत नाही."

या पत्रांत नूरुद्दीन निराळेच असत. मॅनेजरला ते गाढव म्हणत. अमक्या पोराचे गुडघे दोन वर्षांत बोलतील, असं ठासून लिहीत. प्रत्यक्षात दुकानदाराने चुकून दुसऱ्याची पिशवी हातात ठेवली, तरी ती घेऊन घरी येणारा माणूस. कलिंगड घ्यायला गेले की मैमुनाबी दोन थापा मारून एक उचलत आणि चालू लागत. नूरुद्दीन दाराशी पोचेपर्यंत म्हणत, "ते डावीकडचं बरं होतं का गं?"

खरी अडचण त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. बंदरात होते तेव्हा धनंजय बोलायचा आणि ते हळू आवाजात, दोन वाक्यांत, उत्तर द्यायचे. तेवढं दोघांना पुरे. आता त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागणार. आयुष्यात त्यांनी आवाज चढवला नव्हता. मुलावर नाही, हमालांवर नाही. पंधरा दिवस तो समोर बसेल, ओठांकडे बघत राहील, आणि आपल्या तोंडून शब्द फुटणार नाही. इतक्या वर्षांच्या पत्रांतला तो तावातावाने भांडणारा मित्र हा नव्हेच, असं त्याला वाटेल. मग पत्रंही थांबतील. त्यापेक्षा न लिहिलेलं बरं. पण न लिहिण्यानेही पत्रं थांबलीच होती. यंदा जून आला तरी बगळ्यांनी कुणाला घ्यावं, हे धनंजयने कळवलं नव्हतं.

निवडीच्या दिवशी पहाटेची फजरची नमाज आटोपून नूरुद्दीन हॉलमध्ये आले तेव्हा नात नबिला सोफ्यावर पांघरुणात गुरफटून बसलेली होती. वय तेरा, अंगात आजोबांनीच घेऊन दिलेला बगळ्यांचा शर्ट.

"यल्ला, दादा! वी आर नेक्स्ट!"

"कोण उरलंय?"

"वीव्हर! कुणी घेतलाच नाही अजून. कॅन यू बिलीव्ह इट?"

पडद्यावर मोठा हॉल होता. गोल टेबलांभोवती ती तरणीताठी पोरं नवे सूट घालून, आईबापांना घेऊन बसली होती. नाव पुकारलं की पोर उठे, आईला मिठी मारी, टोपी घालून मंचावर जाई, आणि त्याचं टेबल रिकामं होई. वीव्हर मोहरीच्या रंगाच्या सुटात होता. उंची बेताची, पण चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी दिसतं, असं नूरुद्दीनचं मत होतं. म्हणजे कालपर्यंत होतं. आज त्यांना वाटत होतं, आपण त्याचे चांगलेच खेळ तेवढे पाहिले असतील.

"विचार करायला किती वेळ देतात गं?"

"फाइव्ह मिनिट्स. त्याच्यात नाव नाही सांगितलं तर खलास. नेक्स्ट टीम घेऊन जाते."

"पाचच?"

"दादा, पाच पुष्कळ आहेत. दे हॅड द होल इयर टू थिंक!"

मंचावर एक माणूस चिठ्ठी घेऊन आला. वीव्हरच्या आईने त्याची कॉलर सारखी केली. त्याचा हात कोटाच्या बटणाकडे गेला. चिठ्ठीवाल्याने नाव वाचलं. ते युरोपातल्या कुठल्याशा लांब हातांच्या पोराचं होतं.

"नो! नो, नो, नो!" नबिलाने उशी तोंडावर दाबली. "तो तर बेंचवर बसतो! दादा, से समथिंग!"

"लांब हातांचा उपयोग होतो तसा," नूरुद्दीन म्हणाले. "कदाचित त्यांना काही दिसलं असेल."

पण त्यांची नजर मोहरी सुटावर होती. बटणापाशी गेलेला हात तसाच खाली आला होता आणि टेबलावरची पाण्याची बाटली फिरवत होता. पुढच्या संघाने दुसऱ्यालाच घेतलं. त्याच्या पुढच्यानेही. आजूबाजूची टेबलं रिकामी होत गेली. कॅमेरा पुन्हा पुन्हा वीव्हरकडे येई आणि दर वेळी तो हसल्यासारखं करी. आई मांडीवरच्या पर्सचा बंद उघडझाप करीत होती. आणखी एक चिठ्ठी आली. आणखी एक नाव. त्याचं नव्हतं.

नूरुद्दीन कधी उठून उभे राहिले, ते त्यांनाही कळलं नाही.

"अरे, हो नाहीतर नाही, काहीतरी सांगा ना त्याला!" ते ओरडले. "किती वेळ बसवून ठेवाल?"

नबिलाने उशी खाली घेतली. भिंतीपलीकडे शेजारी कुणीतरी खुर्ची सरकवली. मैमुनाबी हातात उलथनं घेऊन धावत आल्या.

"या अल्ला, काय झालं? कोण ओरडलं?"

"दादा," नबिला म्हणाली. "इट वॉज दादा."

"मी टीव्हीला म्हटलं," नूरुद्दीन पुटपुटले.

मैमुनाबींनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. हा आवाज कुठं ठेवला होतात?"

"दादा, डू इट अगेन!"

"पुरे," म्हणत ते खाली बसले. घशात किंचित खवखवत होतं. वाईट नव्हतं वाटत.

वीव्हरला पुढे बऱ्याच वेळाने एका संघाने घेतलं. तो उठला तेव्हा त्याच्या आईने आधी डोळे पुसले आणि मग टाळ्या वाजवल्या. नबिला म्हणाली की बगळ्यांना याचा पस्तावा होणार. नूरुद्दीन म्हणाले, "होईलही. पण ज्याला घेतलं नाही, त्याचा एकही चेंडू आपल्यासाठी चुकत नाही. म्हणून तो नेहमीच चांगला वाटतो."

"सो हू वॉज राइट? आपण की मॅनेजर?"

"ते मला कळलं असतं तर!" असं म्हणून ते हसले. नबिला पण हसली.

त्या दिवसापासून ते लिहायला बसू लागले. पहिल्या कागदावर त्यांनी उन्हाळ्याचं लिहिलं, की जुलैत इथे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकवत नाही. दुसऱ्यावर लिहिलं, की घर लहान आहे, तुला हॉलमध्ये झोपावं लागेल. तिसऱ्यावर लिहिलं, की मी फार बोलत नाही हे तुला आठवत असेलच. एकेका कागदाच्या चार घड्या करून त्यांनी सगळे बाजूला ठेवले. आठवडा गेला. शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर नबिला त्यांच्या खांद्यावरून डोकावली. मराठी तिला अडखळत वाचता येई.

"दादा, हे लेटर आहे की वेदर रिपोर्ट?"

"विचार करतोय."

तिने मोबाइलवर पाच मिनिटांचं घड्याळ लावलं आणि वहीपाशी उभं करून ठेवलं. आकडे उलटे धावू लागले. नूरुद्दीननी कोरा कागद ओढला. बराच वेळ पेन वर धरून बसले. मग लिहिलं: "ये." त्यानंतर मात्र पेन थांबेना. युरोपातला लांब हातांचा पोरगा, मोहरी सूट, पर्सचा बंद, मॅनेजरची अक्कल, दोन पानं भरली. घड्याळ कधीच वाजून गप्प झालं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तहाने दोघांना पोस्टापाशी सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. ऊन उतरलं होतं, पण हवा भट्टीसारखीच होती. मैमुनाबींच्या हातात नव्या उशीची पिशवी होती. वाटेत त्यांनी गाडी थांबवून ती घेतली होती. कुणासाठी, ते नूरुद्दीननी विचारलं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष खिशातल्या पाकिटाकडे होतं. पोस्टात जाऊन त्यांनी तिकीट चिकटवून घेतलं, बाहेर येऊन पत्ता एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि पाकीट पेटीच्या फटीत अर्धं घातलं.

"किती दिवसांत पोचतं?" मैमुनाबींनी विचारलं.

"तीन आठवडे."

"मग त्यांच्या हाती नाय लागायचं. येत्या शुक्रवारी विमानात बसतायत ते."

नूरुद्दीन वळले. पाकीट तसंच बोटांत होतं.

"कोण? धनंजय?"

"नायतर कोण! त्या सकाळी तुमी ओरडलात ना, तेव्हाच संपदाला फोन केला. म्हटलं, येऊ दे बाबांना, राहू दे आमच्याकडं. आमच्या ह्यांचा आवाज आता पोचतो."

"आणि तो लगेच तयार झाला?"

"नाय. संपदाने शेजाऱ्यांच्या फोनवरनं निरोप दिला, तर उलट विचारलंन, नूरू बोलवतोय का? मी म्हटलं, बोलवतोय. तुमी लिहितच होतात, खोटं थोडंच बोलले! तिकीटपण स्वस्तात मिळालं. या उन्हात येतंय कोण?"

"मला आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर लिहून झालं असतं का?"

नूरुद्दीननी पेटीकडे पाहिलं. पाकीट अजून ओढून घेता आलं असतं. मॅनेजरला जरा जास्तच बोललो होतो. वीव्हरबद्दल तर आपण चुकलो असण्याचीही शक्यता होती. एकेक वाक्य मनाशी तपासून बघावं, असं त्यांना फार वाटलं.

"कशाला टाकताय मग?" मैमुनाबी म्हणाल्या. "त्यांचं घर बंद असणार. शुक्रवारी हातातच द्या की."

"आमची पत्रं निकाल लागल्यावरच पोचतात," नूरुद्दीन म्हणाले. "परत गेल्यावर वाचील."

त्यांनी बोटं सोडली. आत पाकीट पडल्याचा आवाज अगदी बारीक आला. मग त्यांनी बायकोच्या हातातली उशीची पिशवी घेतली आणि रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या तहाला, आजूबाजूची दोन माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने, हाक मारली.