आजी वरच बसते

माझ्याच हातानं शिकवलं मी तिला. मग आता कपाळ बडवून घेऊन काय उपयोग?

आमची दीक्षा सत्तावीस वर्षांची, लंडनमध्ये सॉलिसिटर. रविवारी अंशुमनचे आईवडील पिनरहून आमच्याकडे मेडनहेडला जेवायला येणार होते, लग्नाचं पक्कं करायला. मी आठवडाभर आधीच ठरवलं होतं, या वेळी हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो काढायचा नाही. आणि सासूबाईंनी सगळ्यांसोबत टेबलावर बसायचं. विमलाबाई माझ्या सासूबाई, वय चौऱ्याऐंशी. एकुलत्या एका नातीच्या लग्नात तिच्यावर फुलं टाकायची, एवढी एकच इच्छा उरलेली. त्यासाठी नागपूरहून मागवलेली निळ्या काठाची पांढरी साडी सहा महिने बॅगेत पडून होती. रविवारी सकाळी त्यांनी तीच नेसली.

"पाहुण्यांपुढे नीट दिसाले पाहिजे ना वं," म्हणाल्या.

मी पुऱ्यांची कणीक मळत होते, तेवढ्यात दीक्षा आली. कोटही न काढता खुर्चीवर चढली आणि फोटो उतरवला.

"ए, काय चाललंय?"

"मम्मी, प्लीज. जस्ट फॉर टुडे. अंशुमनला सगळं माहितीये, ही इज फाइन. त्याच्या पेरेंट्सना वेडिंगनंतर सांगू."

"वेडिंगनंतर? वा! अगं, तुझं नाव दीक्षा ठेवलंय आम्ही. लाज वाटते का?"

फोटो छातीशी धरून ती माझ्याकडे वळली. "मी शाळेत इयर टूमध्ये होते," ती म्हणाली. "मंडळाच्या आंटी लोक यायच्या. तू म्हणायचीस, बाबासाहेब आता झोपायला जातात. मी टॉवेल आणायचे. रिमेंबर?"

मेले मी तिथल्या तिथे. खरंच होतं ते. नवीन आलो होतो आम्ही. महाराष्ट्र मंडळातल्या बायका आडनाव ऐकून गोड हसायच्या, "हो का, पण म्हणजे नेमके कोण तुम्ही?" जयंतनं, माझ्या नवऱ्यानं, इकडे येण्याआधीच गावावरून आडनाव लावून घेतलं होतं, त्यामुळे उत्तर टाळता यायचं. भिंत कशी टाळणार? मग कुणी चहाला येणार असलं की फोटो वरच्या बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांच्या घड्यांखाली. दीक्षानं आताही तो तिथेच नेऊन ठेवला. जागा पाठ होती तिला.

मग ती आजीजवळ जाऊन बसली. "आजी, तू आज फक्त नमस्कार म्हणशील? जय भीम नको, ओके?"

सासूबाई हसल्या. "पोरी, सारा जन्म तेच म्हणत आले. हात जोडले की तोंडातून तेच निघते. तुझं काम बिघडवायची मी. त्यापेक्षा वरच बसते."

"काही नको, आई. तुम्ही इथेच बसायचं," मी म्हटलं.

"लग्नात भेटतीलच की. आज पोरीचं होऊ दे," असं म्हणून त्यांनी मलाच गप्प केलं. नव्या साडीचा पदर सावरत, कठडा धरून एकेक पायरी चढत गेल्या. त्यांचं ताट मी वर नेऊन दिलं.

पाहुणे चांगले होते, हाच तर वैताग! अंशुमनच्या आईनं बटाट्याची भाजी दोनदा मागून घेतली. मग सहज विचारलं, "आजी-आजोबा कुठे असतात? लग्नाला येतील ना?"

मी तोंड उघडणार, तोच दीक्षा म्हणाली, "दोघं पण नाहीत आता. आजी लास्ट इयर गेली. नागपूरला."

जयंतचा हात वरणाच्या डावावर तसाच थांबला. त्याची आई बरोब्बर आमच्या डोक्यावरच्या खोलीत बसली होती. बोल ना रे, तुझी आई आहे ती, असं मी मनातल्या मनात ओरडले. तो बोलला नाही. आणि मी? मी म्हणाले, "अजून एक पुरी घ्या ना." जीभ झडली कशी नाही माझी!

"अरेरे," म्हणत अंशुमनच्या आईनं दीक्षाच्या पाठीवरून हात फिरवला. चार वाजता जुलैची तारीख ठरवून ते निघाले. त्यांची गाडी वळली तशी मी वर धावले.

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. अंगावर घरातली जुनी साडी, नवी घडी घालून मांडीवर. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं आणि वास येत होता.

"नंदा, तेवढा फ्लश ओढून घे बाई," त्या ओशाळून म्हणाल्या. "दोनदा जावं लागलं मला. पण दीक्षा काय म्हणाली ते वर ऐकू आलं. म्हटलं, पाण्याचा आवाज खाली गेला तर पोरगी खोटी पडेल."

"आई..."

"रडू नको. जमलं ना तिचं?"

"जमलं. जुलैमध्ये."

त्यांनी मान हलवली. मांडीवरची साडी उचलून माझ्या हातात दिली. "ही देऊन टाक कोणाला तरी. मेलेलं माणूस मांडवात येत नसते."

आता खाली जाऊन अंशुमनच्या आईला फोन लावावा, सगळं सांगून टाकावं, असं दोनदा मनात आलं. पण दोन्ही वेळा पाय हलले नाहीत. वीस वर्षांपूर्वीही हलले नव्हते. साडी हातात धरून मी तशीच उभी राहिले.

इतक्यात जिन्यात पावलं वाजली. बॉयलरच्या कपाटाचं दार उघडलं आणि बाहेरून दीक्षाचा मोकळा, आनंदी आवाज आला, "मम्मी, गेले ते! फोटो परत लावते हां मी!"