विहिरीकाठचा साग

“त्या झाडाला काय इचारताय, साहेबजी? ते गोविंदरावाच्या घरचा जावई हाये. तहान म्हंजी काय, त्याला ठावं न्हाई.”

चंद्रभागेनं हे भर चौकात म्हटलं आणि लोक हसले. गोविंदराव सगळ्यांत मोठ्यानं हसले. गावचे प्रधान, हसण्यातही पहिला मान त्यांचाच.

रामकृष्ण साहेब हसले नाहीत. झाडात पोकळ गिरमिट घालून पेन्सिलीएवढी काडी काढायची, तिच्यावरची वलयं मोजायची आणि कोणत्या साली पाऊस कसा झाला ते सांगायचं, ही त्यांची विद्या. वस्तीजवळ तलाव बांधायचा की नाही, हे त्यांच्या कागदावर ठरणार होतं. झाला तर गोविंदरावांची सखल जमीन बुडणार. नाही झाला तर चंद्रभागेच्या वस्तीनं जन्मभर कोसावरून घागरी वाहायच्या.

आणि या विद्वानानं चार दिवस काय केलं? प्रधानाच्या ओसरीवर खीर-पुरी हाणली, सावलीसावलीनं त्याच्याच विहिरीपर्यंत गेला आणि तिथला जाडजूड साग टोचला. टेकडीवर चढावं लागतं, आणि ज्येष्ठातली लू, ती भाजणारी हवा, पदवी बघून वाहत नाही.

“साठ वर्षांची वलयं एकसारखी रुंद,” साहेब म्हणाले. “इथं पावसानं कधी दगा दिलेलाच नाही, माताजी.”

चंद्रभागा तडक वळली. घरी गेली. तीस वर्षं करवतीच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला तिचा लक्ष्मण. लक्ष्मण गेला, पण लाकूड वाचायची खोड तिच्या हातात राहिली. गेल्या वादळात टेकडीवरचा साग पडला होता. त्याची चकती तिनं सरपण फोडायला ठेवली होती. ती डोक्यावर घेऊन परत आली आणि साहेबांच्या पायाशी आदळली.

“सालीपासनं आत मोजा. नववं.”

साहेबांनी भिंग लावलं. वलय केसाएवढं.

“त्या साली आमी पार एरच गावाला जाऊन बेतवा नदीचं पानी आनलं. अजून तीन आत जा. तेबी तसंच. त्या साली गढूळ पानी पिऊन माझी जानकी गेली. चार वर्साची व्हती.”

गोविंदराव खाकरले. “काकू, लाकडं फोडणाऱ्या बाईनं साहेबजींना शिकवायचं का?”

“शिकवत न्हाई, भैया. तुमच्या सागाला मोटेचं पानी रोज मिळतं, येवढंच सांगते. जेवून ढेकर देणाऱ्याला भुकेचं साल इचारलं यांनी.” मग साहेबांकडं वळून, “टेकडी चढता, का सावली आनून देऊ?”

साहेब दुसऱ्या सकाळी चढले. खडकातली सात झाडं टोचली. सातही झाडांनी तीच साक्ष दिली.

तलाव झाला. साहेबांच्या कागदात चंद्रभागेचं नाव नव्हतं. ‘स्थानिक मजुराच्या मदतीने’ एवढं होतं. गोविंदरावांची जमीन बुडाली, विहीर बुडाली आणि तो साग तीन पावसाळे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून वाळला.

चौथ्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं तशी ती करवत घेऊन गेली. गोविंदराव काठावर उभे होते.

“धरा दुसरं टोक, प्रधानजी,” ती म्हणाली. “जावयानं जाताना काय लिहून ठेवलंय ते बघू.”

गोविंदरावांनी इकडं तिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. त्यांनी टोक धरलं, आणि दुसऱ्याच ओढीला त्यांना धाप लागली.