मुलीच्या मामांनी बोहल्यावर यावं

आमच्याकडे लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मंगलाष्टका संपेपर्यंत तो जागचा हलत नाही. मामा तालेवार असो नाहीतर फाटका, त्या घडीला त्याच्याएवढा मान बापालाही नसतो. माझ्या तेजस्विनीला मामा एकच, माझा धाकटा भाऊ भगवंत, पिंपरी पेंढारचा. आणि त्याचं नि माझ्या नवऱ्याचं, कुंडलिकरावांचं, तोंड पाहणं बंद.

भांडण बांधाचं असतं तर मला कळलं असतं. बांध निदान आपला असतो. हे भांडण होतं बापूसाहेबांचं. बापूसाहेब म्हणजे आमच्या घरातले दुसरे देव. देव्हाऱ्यातल्यांना रोज फूल मिळेलच असं नाही, पण बापूसाहेबांचा फोटो आमचे हे रोज पुसतात. पक्ष फुटला तेव्हा बापूसाहेब इकडे राहिले आणि त्यांचे जोडीदार नानासाहेब अर्धा पक्ष घेऊन तिकडे गेले. भगवंताच्या गावातली सगळी आळी नानासाहेबांच्या मागे गेली, तोही गेला. आमचे हे अर्थातच बापूसाहेबांच्या मागे.

पुढे निवडणुकीच्या सभेत यांच्या हातात माईक आला. माईक हातात आला की या माणसाला न पिता चढते. बापूसाहेब नुकतेच गद्दारांवर बोलून बसले होते. त्यांना खूश करायला हे म्हणाले, "माझा सख्खा मेव्हना गद्दार निघाला! आजपासून त्या घरचं पानी मला हराम!" टाळ्या पडल्या. बापूसाहेबांनी उठून पाठ थोपटली. हे घरी पोचायच्या आत तो व्हिडिओ माझ्या माहेरी पोचला होता. तेव्हापासून माझी भाऊबीज बंद झाली. मी रडले, भांडले, चुलीला पाठ करून बसले. यांनी हॉटेलातून मिसळ आणून खाल्ली.

तेजस्विनीचं लग्न ठरलं तशी मी एकटीच एसटीने माहेरी गेले. भगवंत टोमॅटोला सुतळी बांधत होता. मला बघून त्याने हात झटकले, पाणी दिलं, पोरगा कसा आहे, काय करतो, सगळं विचारलं. मग म्हणाला, "आक्का, मी येनार. माफी नको मला. दाजींनी निसतं 'या' म्हनावं. एक अक्षर."

एका अक्षरावर माझ्या पोरीची पाठ राखली जाणार होती. मी आनंदाने घरी आले आणि यांना सांगितलं.

"येडी झाली का? बापूसाहेब सोता येनारेत लग्नाला," हे म्हणाले. "त्यांच्या डोळ्यांदेखत गद्दाराला पोरीच्या मागं उभा करू? पंचायत समितीचं तिकीट जाईल माझं."

"मग पोरीच्या मागं कोन?"

"बघू की."

वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्याला तिकीट कोण देतं, हे आमच्या अख्ख्या महाळुंगे गावाला ठाऊक आहे. यांना सोडून. यांनी लग्नपत्रिकेत वर गणपती, त्याखाली बापूसाहेब छापले, आणि मामाच्या नावाची ओळ कोरी सोडली.

लग्नाच्या दिवशी हायवेवरचं कार्यालय भरून गेलं. मुहूर्ताची वेळ आली आणि गेली. निवेदक माईकवर सांगत राहिला, "बापूसाहेब निघालेले आहेत. बापूसाहेब मंचरपर्यंत आलेले आहेत." लेकरं भुकेने रडायला लागली. व्याही घड्याळाकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. नवरी होऊन बसलेली तेजस्विनी मात्र दाराकडे बघत होती. तिची नजर कोणाला शोधत होती हे मला माहीत होतं.

अखेर गाड्या आल्या. पहिल्या गाडीच्या एका दारातून बापूसाहेब उतरले. दुसऱ्या दारातून उतरले नानासाहेब.

सगळं कार्यालय माना वळवून बघायला लागलं. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्यांचा पाऊस पडला. सकाळीच दोघांचं मुंबईत मनोमिलन झालं होतं. लोकांच्या फोनवर बातमी फिरत होती. लग्नाच्या गडबडीत आम्हालाच पत्ता नव्हता. दोघांच्या गळ्यात एकाच रंगाचं उपरणं होतं.

बापूसाहेबांनी आशीर्वादाचं भाषण केलं. "संसारात काय आणि राजकारणात काय, मतभेद असावेत, मनभेद नसावेत. नानासाहेब आणि आम्ही कधी लांब नव्हतोच!" लोक हसले. आमचे हे पण हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

मग तोंड भरून हसत माझ्याकडे आले. "लाव भगवंताला फोन. आता काय अडचन न्हाई."

मी फोन लावून यांच्याच हातात दिला. "तुमीच म्हना."

तीन वर्षं जी जीभ वळली नव्हती ती कशी सरसर वळली! "भगवंता, या! या राव लवकर! गाडी पाठवू का?"

गोंगाटामुळे फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. भगवंत म्हणाला, "दाजी, ह्ये तुमी म्हनताय का बापूसाहेब?"

"आरं, आता एकच झालं की सगळं!"

"त्यांचं झालं," भगवंत म्हणाला. "आपलं कुठं झालं?" आणि त्याने फोन ठेवला.

तिकडे निवेदक सुरू झाला होता. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन बोहल्यावर यावं." कोणी उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारा केला. बापूसाहेबांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं, त्याने कानात सांगितलं, आणि बापूसाहेबांनी हसत माईक घेतला. "मामा नाही म्हणून अडतंय होय? अहो, मतदारसंघातल्या साऱ्या लेकी आमच्या भाच्या!" त्यांनी तेजस्विनीचा हात धरला. दुसऱ्या बाजूने नानासाहेब आले. ज्या दोघांनी तिचा मामा तोडला, ते दोघं तिचे मामा होऊन तिच्या मागे उभे राहिले, आणि फोटोग्राफर "सर, इकडे बघा" म्हणत राहिला.

दुसरी मंगलाष्टका संपता संपता एक जण फोन घेऊन बापूसाहेबांच्या कानाशी लागला. अजून बरीच लग्नं उरकायची होती. दोघं हात जोडत उतरले. त्यांच्यामागे निम्मं कार्यालय उठून गेलं, आणि सगळ्यांच्या पुढे, गाडीचं दार उघडायला, नवरीचा बाप.

तेजस्विनीने हळूच मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

मी बोहल्यावर चढले. गुरुजी गाता गाता थांबले. "ताई, आईनं उभं राहायचं नसतं इथे."

"ठाऊक हाय गुरुजी. जो उभा राहायचा त्याला आमच्याच मानसानं एका टाळीसाठी घालवला. तुमी म्हना पुढं."

गुरुजींनी पुढची मंगलाष्टका सुरू केली. तेवढ्यात हे धापा टाकत वर आले आणि माझ्या कानाशी लागले. "खांद्यावर हात ठेवला बापूसाहेबांनी! तिकिटाचं म्हनले बघू. निसतं नानासाहेबांच्या मानसांनाबी सामावून घ्यावं लागंल."

तेजस्विनी वळली नाही. अंतरपाटाकडे तोंड ठेवूनच बोलली.

"पप्पा, त्यांची गाडी गेली का?"

"गेली की आत्ताच."

"मंग पळत गेलात तर गाठाल."

हे खाली उतरले. गुरुजींनी 'सावधान' म्हटलं, आणि उरलेल्या लोकांनी अक्षता टाकल्या.