सकाळची आहिरी

सकाळी आहिरी राग गाऊ नये, त्या दिवशी पोटाला अन्न मिळत नाही, असं तंजावरात मानतात. वसुमती गाण्याची शिक्षिका, मोपेडवरून रोज तिरुवैयारुला शिकवायला जाणारी. ती असल्या गोष्टींना हसायची.

सासूबाई शेषम्मा गेल्या तेव्हा सासऱ्यांच्या, बाळकृष्णरावांच्या, डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. दोन महिने माणूस नुसता बसून. मग एका सकाळी वसुमती सहज आहिरी आळवत होती, आणि म्हातारा हमसून हमसून रडला. बरं झालं, मोकळे झाले, असं सगळे म्हणाले. झालेही असतील. पण वीस वर्षांत वसुमतीच्या गाण्यानं कुणाची पापणी ओली झाली नव्हती. त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा आहिरीच घेतली. तिसऱ्या दिवशीही. त्यांचे डोळे नीट दिसावेत म्हणून बाईनं आपली चटईसुद्धा त्यांच्या समोर आणली. महिनाभर हे चाललं. ते रडायचे, आणि पुढ्यातली इडली तशीच राहायची.

"मज नको बाई, पोट भरलें."

सदरा अंगावर लोंबू लागला. शेजारच्या सीतालक्ष्मीनं टोकलं, "मी सांगत होतें कीं, तो रागच तसा!" वसुमतीनं मान डोलावली. खापर रागावर फुटलं तर तिला हवंच होतं. पण खाई त्याला खवखवे. म्हाताऱ्याच्या तोंडचा घास कुणी काढला, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

परवा ते न्हाणीत चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी बजावलं, असेच उपाशी राहिले तर अंथरूण धरतील.

आज तिनं मोहनम् राग गायला, हसरा, उजळ. बाळकृष्णरावांनी दोन इडल्या खाल्ल्या, वर चटणी मागून घेतली. तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. ते कोरडे होते, आणि ती चक्क हिरमुसली. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की तिला मान वर करवेना.

"वसुमती, उद्यां तें पूर्वीचेंच म्हण," ते म्हणाले.

"नको मामंजी. तुम्हांस त्रास होतो."

"होतो कीं. पण तें म्हणतेस तेव्हां तुझें तोंड कसें फुलून येतें! मज दिसतें."

नाही म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"बरं," ती म्हणाली.