वहीतला अर्धा इंच

मिस्त्री म्हणजे कुणी लुंग्यासुंग्या नव्हे. तीस वर्षं ठोकलेल्या गाड्या सरळ करतोय. 'हिला भंगारात घाला' असं तो म्हणाला की गिऱ्हाईक मुकाट्याने मान हलवतं. वाद घालणारी एकच निघाली, आणि ती नेमकी त्याची सख्खी धाकटी बहीण. आता सांगा, कुणापाशी तक्रार करायची?

बहिणीची पन्नाशी उलटली होती, तरी भावाच्या तोंडी ती बबडीच. बबडी शिवणकाम करायची, पण तिची गिऱ्हाइकं तिच्याकडे येत नसत, कारण ती अंथरुणातून उठूच शकत नसत. तीच घरोघरी जाऊन निजल्या माणसाची मापं घ्यायची आणि पाठीकडून उघडणारे सदरे, कडेला बंद लावलेले गाऊन शिवून न्यायची, म्हणजे माणसाला न हलवता कपडे बदलता यावेत. अशी चाळीस घरं, गावाच्या चार टोकांना. गाडी होती म्हणून सगळं जमत होतं.

आणि एक दिवस सिग्नलला उभी असताना समोरून आलेल्या टेम्पोने गाडीचा डावा कोपरा चेपला. बबडीला खरचटलंसुद्धा नाही, पण गाडीचं तोंड पार वाकडं झालं. विमा कंपनीने थोडीफार भरपाई देऊन हात झटकले, नोंदणी रद्द झाली. पुन्हा नोंदणी हवी तर गाडी दुरुस्त करून तपासणीला न्यायची, आणि तीही एकदाच. नापास झाली की तिथूनच भंगारात. दुसरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. म्हणजे ती चाळीस घरं सोडायची आणि कपड्यांच्या कारखान्यात एका जागी बसून दिवसभर कॉलर जोडायच्या. त्या विचारानेच तिला रडू यायचं.

"नाद सोड," मिस्त्री म्हणाला. "सांगाडा वाकलाय. तो मशीनवर ओढावा लागतो, आणि त्या खर्चात दुसरी गाडी येईल."

"दादा, मी वेडंवाकडं कापड सरळ करते की."

"अगं, ते कापड! हे लोखंड आहे लोखंड!"

"ओरडू नकोस. तुझी चेनपुली तेवढी दे."

दिली. न देऊन जातो कुठे?

पुढचे पाच महिने मिस्त्री दर रविवारी बहिणीच्या अंगणात हजर. म्हणायला चहाला, खरं तर चुका काढायला. पहिल्याच रविवारी बघतो तर गाडीच्या पोटाखालच्या भोकांतून ओळंबे सोडलेले, आणि ओळंबा टेकेल तिथे फरशीवर शिंप्याच्या खडूने खुणा. डावीकडून उजवीकडे तिरपी रेघ, उजवीकडून डावीकडे तिरपी रेघ. दोन्ही सारख्या भरल्या की सांगाडा सरळ. ओळंबा हलू नये म्हणून तिचा नवरा तो धरून उकिडवा बसलेला.

"भाऊजी, बरं चाललंय ना?" मिस्त्रीने विचारलं.

"बोलायला बंदी आहे," भाऊजी ओठ न हलवता म्हणाले. "ओळंबा डुलतो म्हणे."

बबडीने गाडीचं मागचं टोक अंगणातल्या सिमेंटच्या खांबाला जखडलं होतं आणि पुढून चेनपुलीने ती सांगाड्याचा वाकलेला दांडा ओढत होती. ओढायचं किती, तर नखभर. मग साखळी सैल सोडायची, कारण लोखंड थोडं मागे येतंच, आणि पुन्हा मोजून मापांच्या वहीत लिहायचं. मिस्त्रीच्या गॅरेजातली पोरं एका दणक्यात ओढून मोकळी होतात आणि मग दुसरीकडे सुरकुती पडते. इथे एकही सुरकुती नव्हती. मिस्त्रीने बॅटरी घेऊन गाडीखाली आडवं पडून शोधली, मिळाली नाही. चहा मात्र बेचव झालाय असं सांगून आला.

वेल्डिंग शिकायला तिने जुने पत्र्याचे डबे जोडजोडून अंगणभर रांग लावली होती. खऱ्या पत्र्याला हात घातला तो महिन्याने. त्या रविवारी मिस्त्री जोडावरून नख फिरवत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठेही अडकलं नाही. एअरबॅग तेवढ्या तिने कंपनीच्या माणसाकडून बसवून घेतल्या. "जे येत नाही त्याला हात लावू नये," ती म्हणाली. हे शहाणपण मिस्त्रीला कळायला दहा वर्षं लागली होती. त्याला बहिणीचं इतकं कौतुक वाटलं की बोलता येईना, म्हणून तो भाऊजींवरच खेकसला.

तपासणीला मिस्त्री सोबत गेला. तपासनीस ओळखीचे निघाले. त्यांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, सीटचे पट्टे ओढून बघितले. सगळं ठीक. मग बबडीची मापांची वही उघडली, शेजारी कंपनीचा तक्ता ठेवला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ताई, एकही माप जुळत नाही. सांगाडा वाकलेलाच आहे असं तुमचीच वही सांगतेय."

बबडी उसळली. "असं कसं होईल? मी शंभरदा मोजलंय!"

तपासनिसांनी मिस्त्रीला बाजूला घेतलं. "तुमच्या कामाची मला खात्री आहे. दुरुस्ती तुमच्या गॅरेजात झाली म्हणून शिक्का मारा. ही वही मी पाहिलीच नाही."

शिक्का मिस्त्रीच्या खिशातच होता. मागून बबडी कुजबुजली, "मार ना दादा. पाया पडते तुझ्या."

मिस्त्रीने खिशात हात घातला आणि तसाच राहू दिला. "साहेब, वही ठेवा बाजूला," तो म्हणाला. "गाडी मोजा."

"मोजली आणि चुकीची निघाली, तर मला नापास लिहावं लागेल."

"मोजा."

तपासनिसांनी आपला पोलादी टेप काढला, पट्टेवाल्याला दुसरं टोक धरायला लावलं. एक माप झालं, दुसरं झालं. बाराच्या बारा मापं झाली तेव्हा ते टेपकडे आणि तक्त्याकडे आळीपाळीने बघत राहिले. "गाडी तंतोतंत आहे," ते म्हणाले. "मग वहीत प्रत्येक ठिकाणी अर्धा इंच जास्त कसा?"

बबडीने कपाळावर हात मारला. "अगं बाई! माया धरली मी! शिवणीसाठी अर्धा इंच जास्तीचा धरून लिहायची सवय, हो. तीस वर्षं हात तसाच लिहितो!"

तपासनीस इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी 'पास' लिहिलं, आणि दुरुस्ती करणाराच्या रकान्यात तिचं नाव.

बाहेर येताच बबडी भावावर उखडली. "अक्कल गहाण टाकली होतीस का? शिक्का खिशात असताना मोजा म्हणे! तुला मायेचं ठाऊक होतं?"

"छे."

"मग? चुकलं असतं म्हणजे? माझी चाळीस घरं गेली असती, दादा!"

"पाच महिने दर रविवारी मी तुझी चूकच शोधायला येत होतो, बबडे," मिस्त्री म्हणाला. "सापडली असती, तर मी गप्प बसलो असतो का?"