एप्रनखालचे हात

मित्रांनो, मी एक जुना काळा एप्रन आहे. स्वयंपाकघरात कमरेला बांधतात तो नव्हे. केस रंगवताना गिऱ्हाइकाच्या गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत पसरतात, तो मी. मानेमागे दोन टिचबटणे, कडेला दुहेरी शिवण आणि अंगभर डाग. जी गोष्ट सांगणार आहे ती अभिमानाची नाही. मला मान असती तर आधीच खाली घातली असती.

माझा जन्म एका शिलाईच्या कारखान्यात झाला. पाणी न शिरणाऱ्या कापडाचा मोठा गठ्ठा एका दमात कापला गेला आणि आम्ही भावंडे जगात आलो. कोणी कुठे गेले, कोणी कुठे. मी आलो एका छोट्याशा पार्लरमध्ये. दोन खुर्च्या, केस धुवायचे एक बेसिन, भिंतभर आरसा आणि दारात कायम थोडी वाकडी बसणारी पायपुसणी. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. ताईंनी मला पहिल्यांदा झटकले तेव्हा असा फटकारा निघाला की शेजारच्या खुर्चीतल्या बाई दचकल्या.

लोकांना वाटते, पार्लरमधले सगळे आरशाला ठाऊक असते. खोटे आहे ते. आरशाला फक्त चेहरे दिसतात, आणि चेहरे काय, आरशासमोर शहाण्यासारखेच वागतात. हात मात्र माझ्याखाली असतात. वर तोंडभर हसणाऱ्या बाईची बोटे खाली माझी शिवण उसवत असतात, हे मला एकट्यालाच कळते. ताई माझे फार कौतुक करायच्या. "याच्यासारखा एप्रन नाही, सगळं पोटात घालतो," म्हणायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण जणू माझ्यासाठीच केलेली आहे असे वाटून मी फुगायचो.

ताईंचा एक नियम होता. कोणाचेही केस पहिल्यांदा रंगवायचे तर कानामागची एक बारीक बट कापायची, वाटीत थोडे मिश्रण घेऊन त्यात बुडवायची आणि वाट बघायची. बटेला काही झाले नाही तरच ब्रश डोक्याला लावायचा. काही स्वस्त घरगुती रंगांत धातूचे क्षार असतात. त्यांच्यावर पार्लरचे मिश्रण पडले की केस तापतात आणि तुटतात. "माणसाला विचारलं तर माणूस विसरतं," ताई म्हणायच्या, "केस विसरत नाहीत." नवी नवरी असो की बँकेतल्या साहेबीणबाई, बट सगळ्यांची कापली जायची.

एकदा भर दुपारी, पार्लर रिकामे असताना, ताईंची मावशी आली. आई गेल्यावर ताईंना तिनेच वाढवले होते. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात, तशी मावशी. ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती. शिस्तीची, ताठ कण्याची, खोटे बोलणाऱ्या पोराला वर्गाबाहेर उभे करणारी. भाचीच्या धंद्याला "लोकांची डोकी माखणं" म्हणायची, आणि आपले केस वयाच्या मानाने किती काळे आहेत हे येताजाता ऐकवायची.

"परवा माझा निरोप समारंभ आहे," मावशी खुर्चीत बसत म्हणाली. "फोटोत माझे केस फारच काळे येतात. जरा तपकिरी करून दे."

खरे कारण वेगळे होते. ते तिने पुढे कधीतरी सांगितले. शाळेच्या जिन्यात दोन चिमुरड्या पोरी कुजबुजत होत्या, "मोठ्या बाई टोप घालतात." मावशीने ते ऐकले होते.

ताईंनी मला तिच्या गळ्याभोवती लावले. मावशीने हात चटकन आत ओढून घेतले, आणि मला ते दिसले. नखांच्या कडा काळ्या होत्या. डांबरात बोटे घातल्यासारख्या. बाटलीतला रंग रोज थोडा थोडा चोळणाऱ्या माणसाचीच नखे तशी होतात.

"घरी काही लावतेस का गं मावशी?" ताईंनी विचारले.

"छे! मी कशाला लावतेय? मुळातच काळे आहेत माझे."

चोराच्या मनात चांदणे. खाली दहाही बोटे मुठीत शिरली.

ताईंनी एक बट दोन बोटांत धरून पाहिली. केस राठ होता, मेण चढवल्यासारखा. त्यांच्या हाताला कळले होते. त्यांनी कात्री उचलली, जरा थांबल्या आणि ती खाली ठेवली. बट कापणे म्हणजे मावशीला तोंडावर खोटारडी म्हणणे. जिने खरे बोलायला शिकवले तिला असे कसे म्हणायचे?

"पुढूनच सुरू कर," मावशी म्हणाली. "फोटोत पुढचंच दिसतं."

ताईंनी कपाळावरच्या बटांना मिश्रण लावले आणि त्यांवर चांदीसारखा कागद दुमडला. थोड्याच वेळात मावशी चुळबुळ करू लागली.

"पोरी, भाजतंय गं."

कागद गरम झाला होता. उघडला तर वाफ आली, आणि कसला तरी कुजका वास. ताईंनी तिला जवळजवळ ओढतच बेसिनकडे नेले. घाईत मिश्रणाचा फराटा माझ्या छातीवर पडला, त्याचा पांढुरका डाग अजून आहे. पाणी सोडले आणि केस ताईंच्या हातात आले. गुंत्यासारखे नाहीत, भिजलेल्या दोऱ्यासारखे तुटून.

मावशीने आरशात पाहिले. कपाळावर बोटभर खुंट उरले होते.

"काय केलंस हे?" ती म्हणाली.

"चुकलं माझं," ताई म्हणाल्या. एवढेच. घरच्या रंगाच्या बाटलीचे नावसुद्धा काढले नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असा दोघींचा चेहरा झाला होता. आणि मी? सगळे पोटात घालणारा मी, त्या काळ्या नखांवर पसरून गप्प बसलो होतो. त्या दिवशी मला माझ्या कौतुकाची पहिल्यांदा लाज वाटली.

समारंभाला मावशी डोक्याला रुमाल बांधून गेली. सगळ्यांनी विचारले. ती म्हणाली, "भाचीने केलं." बँकेतल्या बाईंनीच ही बातमी ताईंना आणून दिली. "खरं का हो?"

"हो. माझ्याच हातून झालं," ताई म्हणाल्या.

आपलेच दात, आपलेच ओठ. पण गावभर बोलायला कोणाच्या बापाची भीती? "सख्ख्या मावशीला सोडलं नाही, ती आपल्याला काय सोडणार," असे म्हणत बायका दुसरीकडे जाऊ लागल्या. मी खुंटीवर लटकून राहिलो. घड्या ताठ झाल्या, टिचबटणांवर धूळ बसली. ताई रिकाम्या खुर्च्या पुसत बसायच्या. मावशीचा फोन आला की उचलायच्या, जेवलीस का विचारायच्या, आणि ठेवून द्यायच्या.

मग एका सकाळी मावशी आली. केस आखूड, मुळाशी पांढरे, टोकाला काळे. ताई बँकेतल्या बाईंच्या केसांची टोके कापत होत्या. बाईंनी नजर झटकन मासिकात घातली. मावशी शेजारच्या खुर्चीत बसली. ताईंनी मला खुंटीवरून काढले, तर तिने हाताने थांबवले.

"ऐका हो बाई," ती बँकेतल्या बाईंना म्हणाली. आवाज वर्गातलाच होता. "हिने मला विचारलं होतं. मी खोटं बोलले. घरी रोज रंग चोळत होते मी, कित्येक वर्षं. आणि वर हिचंच नाव पुढे केलं."

बाईंना कुठे पाहावे कळेना. ताईंचे कान लाल झाले. मावशीपेक्षा त्यांनाच जास्त मेल्याहून मेल्यासारखे झाले असावे.

"मला कळलं होतं, मावशी," ताई हळूच म्हणाल्या. "केस हातात घेतल्याबरोबर कळलं. कात्री उचलून खाली ठेवली मी."

"का?"

"तुला वाईट वाटेल म्हणून. दुसरी कोणी असती तर बट कापल्याशिवाय ब्रश लावला नसता."

मावशीने आपल्या आखूड केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे परकी असते तर वाचले असते."

ताई तिच्या खांद्यावर डोके टेकून रडल्या. मी त्यांच्या हातात चुरगळलो होतो, दोघींच्या मध्ये.

मित्रांनो, आता माझी शिवण उसवली आहे. आज ना उद्या माझे फडके होईल, त्याचे दुःख नाही. फक्त एक विनवणी आहे. माझी काळजी घ्या असे म्हणत नाही, कापडाचे काय, झिजायचेच. आपल्या माणसाचा मान राखता राखता त्याला विचारायचे सोडू नका. अनोळखी माणसासाठी जेवढी काळजी घेता, तेवढी तरी घरच्या माणसाची घ्या.